सुलक्षणा रेडेकर विरुद्ध निवास होडगे

नव्या कारखान्याच्या छपरावर पत्रे चढवत होते तेव्हा निवास आला. मोटारसायकल फाटकाबाहेर लावून तो सरळ आत आला आणि त्यानं आपला फोन बहिणीच्या हातात दिला. गडहिंग्लजच्या दिवाणी न्यायालयाचं समन्स होतं. प्रतिवादी निवास बाळकू होडगे, राहणार आजरा. सुलक्षणानं मजकूर वर सरकवला. वादीच्या जागी स्वतःचं नाव दिसल्यावर तिला आधी वाटलं, कुठेतरी नावांची अदलाबदल झाली असणार.

"आक्का, तू माझ्यावर केस घातलीस व्हय?" निवासनं विचारलं. आवाज चढलेला नव्हता. ते उत्तर त्याला खरंच हवं होतं.

तिनं नाही म्हणून सांगितलं, दोनदा सांगितलं. मग त्यानं बोटानं खालची ओळ दाखवली. तिथं तिची डिजिटल सही होती. आगीत झालेलं सगळं नुकसान प्रतिवादीकडून वसूल व्हावं, आणि निकाल लागेपर्यंत त्याचा आजरा रस्त्यावरचा प्लॉट त्याला विकता किंवा गहाण ठेवता येऊ नये, अशी मागणी तिच्या नावानं केलेली होती. त्या प्लॉटवर निवासच्या घराचा पाया नुकताच भरून झाला होता. पुढचं कर्ज प्लॉट गहाण ठेवूनच मिळणार होतं.

सुलक्षणा आजऱ्याबाहेर काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना चालवायची. नवरा सैन्यातून निवृत्त होऊन पुण्यात नोकरीला होता, महिन्यातून एकदा यायचा. बी वाफवणं, फोडणं, गर सुकवणं, साल काढणं, निवडणं हे सगळं तिच्या देखरेखीखाली पंचवीसेक बायका करायच्या. निवास तिचा धाकटा भाऊ. आजऱ्यात त्याचं मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. कारखान्यात काही अडलं की ती त्याला फोन करायची आणि हातातलं काम ठेवून तो यायचा. त्याचे पैसे किती झाले, हे तिनं कधी विचारलं नव्हतं आणि त्यानं कधी सांगितलं नव्हतं.

गेल्या मार्चमध्ये, ऐन हंगामात, ड्रायर बंद पडला. ड्रायर म्हणजे खोलीएवढं पोलादी कपाट, त्यात गरम हवा खेळवून गर सुकवतात. ठरावीक उष्णता झाली की हीटर बंद करणारा मोठा स्विच, ज्याला कॉन्टॅक्टर म्हणतात, तो जळला होता. नवा कोल्हापूरहून यायला चार दिवस लागणार होते आणि तोवर ओल्या गरांना बुरशी धरली असती. निवासनं साल काढायच्या एका जुन्या यंत्रातला तसाच कॉन्टॅक्टर काढला, साफ केला, मीटर लावून तपासला आणि बसवला. ड्रायर सुरू झाला.

तिसऱ्या दिवशी बायका जेवायला बाहेर बसल्या असताना त्या कॉन्टॅक्टरचे धातूचे ओठ आतल्या आत वितळून एकमेकांना चिकटले. उष्णता वाढली, थर्मोस्टॅटनं हीटर बंद करायचा इशारा दिला, पण हीटर बंद झालाच नाही. आग शेजारच्या टरफलांच्या ढिगाला लागली. काजूचं टरफल तेलानं भरलेलं असतं. गडहिंग्लजहून बंब येईपर्यंत विझवायला फारसं काही उरलं नव्हतं. माणूस मात्र एकही भाजला नाही.

कारखान्याचा विमा सह्यकवच नावाच्या कंपनीकडे होता. दहा वर्षांपूर्वी अशी आग लागली असती तर सर्वेक्षक आला असता, राखेत काठी फिरवली असती आणि अहवालात 'बहुधा शॉर्टसर्किट' असं लिहून गेला असता. कोणाच्या हातानं, हे शोधायला लागणारा खर्च वसुलीपेक्षा जास्त असायचा, म्हणून कोणी शोधत नव्हतं. त्या 'बहुधा'च्या आडोशाला कितीतरी माणसं निवांत जगत होती.

आता कारणवेध नावाचा संगणकी तपास आला होता. त्यामागचं शास्त्र तसं समजायला सोपं आहे. प्रत्येक विजेचं उपकरण चालू-बंद होताना तारेतल्या प्रवाहावर स्वतःचा एक बारीक ठसा उमटवतं. एक पंखा दुसऱ्या पंख्यासारखा ठसा उमटवत नाही. नवे वीजमीटर प्रवाहाची नोंद सेकंदाला हजारो वेळा घेतात, त्यामुळे ते सगळे ठसे साठून राहतात. रस्त्याखालून गेलेली इंटरनेटची काचेची तार जमिनीतला सूक्ष्म हादरा टिपते, मग तो ट्रकचा असो की माणसाच्या पावलाचा. जळलेल्या तांब्याच्या गोळ्या किती तापमानाला वितळल्या ते सांगतात. कारणवेध हे सगळं एकत्र करतो आणि तोच कारखाना संगणकात पुन्हा उभा करून लाखो वेळा पेटवून पाहतो. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलतो. वारा नसता तर? टरफलांचा ढीग लांब असता तर? तो कॉन्टॅक्टर बसवलाच नसता तर?

विम्याच्या कायद्यात याला निकटतम कारण म्हणतात. निकटतम म्हणजे वेळेनं सर्वांत जवळचं असं नाही. ज्याच्या जोरानं पुढचं सगळं घडत गेलं, ते. पूर्वी त्यावर वकील वर्षानुवर्षं भांडत. कारणवेधनं तेरा दिवसांत उत्तर दिलं. कॉन्टॅक्टर बदलला नसता, तर शंभरातल्या चौऱ्याण्णव वेळा ही आग लागली नसती. साल काढायच्या यंत्रात तोच कॉन्टॅक्टर पूर्वी कसा थरथरायचा, हेसुद्धा मीटरच्या जुन्या नोंदींतून त्यानं शोधून काढलं होतं.

तो कोणी बसवला, हे मात्र कुठल्या तारेनं सांगितलं नव्हतं. ते सुलक्षणानंच सांगितलं होतं. विमा हा पूर्ण विश्वासाचा करार असतो, काहीही लपवू नका, असं सर्वेक्षकानं पहिल्याच भेटीत बजावलं होतं, आणि तिच्याकडे लपवण्यासारखं काही नव्हतंच. माझ्या भावानं दुरुस्त केला, असं तिनं जरा अभिमानानंच सांगितलं होतं. भरपाई लगेच मिळाली. मिळताना स्क्रीनवर जे कागद आले त्यांवर तिनं सह्या केल्या. बायका घरी बसून होत्या, व्यापारी दुसरीकडे वळत होते. तिला घाई होती.

समन्स आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती कोल्हापूरला कंपनीच्या कचेरीत गेली. वसुलीचं काम क्षितिजा भोसेकर नावाच्या वकीलबाई पाहत होत्या. तिशीच्या, शांत, पाण्याचा ग्लास स्वतः पुढे करणाऱ्या. कोणीतरी उर्मट भेटलं असतं तर बरं झालं असतं, असं सुलक्षणाला नंतर वाटलं.

भोसेकरबाईंनी तिला नीट समजावून सांगितलं. विमा नुकसान भरून देतो, नफा देत नाही. आगीआधी तुम्ही जिथं होता तिथं तुम्हाला परत आणायचं, एवढंच. समजा आम्हीही पैसे दिले आणि ज्याच्यामुळे आग लागली त्याच्याकडूनही तुम्ही घेतले, तर एकाच नुकसानीचे दोनदा मिळतील. म्हणून आम्ही पैसे दिले की तुमचा त्याच्यावरचा हक्क आमच्याकडे येतो. तुमच्या जागी आम्ही उभे राहतो. पण हक्क मूळचा तुमचा, म्हणून दावा तुमच्या नावानं चालतो आणि त्यात आम्हाला मदत करायचं तुम्ही कबूल केलेलं आहे.

"पण माझी त्याच्याबद्दल काही तक्रारच नाही," सुलक्षणा म्हणाली. "मी माझा हक्क सोडते. लिहून देते."

"जो हक्क तुमच्याकडे राहिलेलाच नाही, तो सोडणार कसा?"

सुलक्षणानं मग विचारलं, की पैसे परत केले तर? भोसेकरबाई म्हणाल्या, सगळी रक्कम एकदम परत आली तर कंपनीच्या समितीपुढे विषय ठेवता येईल. पण ती रक्कम आता कारखान्याच्या पायाभरणीत, पत्र्यांत आणि बेळगावहून आलेल्या यंत्रांत होती. ती परत करायची तर उभा राहत असलेला कारखाना विकायला हवा होता. सुलक्षणा गप्प बसली. त्या गप्प बसण्यातच आपण एक निवड केली, हे तिला कळलं आणि स्वतःचाच राग आला.

उठता उठता तिनं विचारलं की मग एखाद्या कामगाराच्या हातून चूक झाली तर कंपनी त्याच्यावरही असाच दावा लावते का. भोसेकरबाईंनी नकारार्थी मान हलवली. पॉलिसीत तसं कलम होतं. मालकाच्या पगारी माणसांवर कंपनी वसुली करत नाही, नाहीतर कामावर कोणी येणारच नाही. "तुमचे भाऊ त्या दिवशी रोजावर असते, तर हा विषय निघालाच नसता. ते फुकट आले, म्हणून ते कायद्यानं तिऱ्हाईत ठरतात."

परतीच्या एसटीत सुलक्षणा तो शब्द मनात उलटापालटा करत राहिली. तिऱ्हाईत. लहानपणी गोवरात त्याच्या उशाशी ती रात्रंदिवस बसून होती. त्यानं तिच्या कारखान्यातली एकेक तार ओढली होती. एका दिवसाचा रोज हातावर ठेवला असता, तर तो तिचा माणूस ठरला असता. ठेवला नाही, म्हणून परका.

असं घडणारी ती एकटी नव्हती. कारणवेध आल्यापासून तालुक्यात माणसं एकमेकांना हात द्यायला बिचकू लागली होती. शेजाऱ्याला शिडी देताना लोक, काही झालं तर दावा करणार नाही, असा फोनवर अंगठा घेत. एका काकांनी पुतण्याच्या लग्नात मांडवाला दिवे लावून दिले होते. मांडव पेटला आणि काका आता तारखांना जात होते. सुलक्षणानं हे ऐकलं होतं, पण दुसऱ्याच्या घरची गोष्ट म्हणून.

निवासची बायको सारिका एके दिवशी कारखान्यावर आली. बांधकामाकडे पाहत ती बराच वेळ उभी राहिली. कोर्टानं प्लॉटवर तात्पुरती मनाई दिल्यामुळे घराचं कर्ज नामंजूर झालं होतं आणि पायातून वर आलेल्या सळया गंजायला लागल्या होत्या. "वन्सं, तुमचं उभं राहिलं," एवढंच ती म्हणाली. सुलक्षणानं कंपनीची सगळी हकीकत सांगितली. सारिकानं ऐकून घेतलं, पण तिला ती पटली की नाही ते कळलं नाही. खटल्याच्या मथळ्यावर कंपनीचं नाव कुठंच नव्हतं.

निवासतर्फे गडहिंग्लजचे इनामदार वकील उभे राहिले. त्यांनी पगारी माणसांचं कलम वाचलं आणि सुलक्षणाला एकदाच विचारलं, त्या दिवशी त्याला काही दिलं होतं का, आठवून बघा. सुलक्षणाला आठवायची गरज नव्हती. तिनं निवासला फोन केला. "मी सांगते रोज दिला होता म्हणून. तू फक्त हो म्हण. एवढ्यानं सुटतंय सगळं." पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग दुकानात गिऱ्हाईक आहे म्हणून त्यानं फोन ठेवला. त्याच्या गप्प राहण्यालाच ती होकार समजली.

सुनावणीच्या दिवशी सुलक्षणा वादी म्हणून साक्षीला उभी राहिली. तिच्या बाजूनं भोसेकरबाई प्रश्न विचारत होत्या. दुरुस्ती कोणी केली? भावानं. त्याचा मोबदला दिला होता?

"हो," सुलक्षणा म्हणाली. "त्या दिवसाचा रोज दिला होता. रोख."

भोसेकरबाईंनी न्यायाधीशांकडे साक्षीदार फितूर झाल्याचं सांगून उलटतपासणीची परवानगी मागितली. अशा रीतीनं सुलक्षणाच्याच वकिलानं, सुलक्षणाच्याच दाव्यात, सुलक्षणाला खोटं पाडायला सुरुवात केली. बाकी सगळ्यांचे रोज फोनवर जातात, मग यांनाच रोख का? हजेरीत नाव का नाही? सर्वेक्षकाला सांगितलं तेव्हा रोजाचा उल्लेख का केला नाही? ती उत्तरं देत गेली आणि प्रत्येक उत्तराबरोबर तिचा आवाज बारीक होत गेला. निवास समोरच्या बाकावर बसला होता. तो तिच्याकडे पाहत नव्हता.

दुपारनंतर त्याची साक्ष झाली. दुरुस्ती कशी केली, काय तपासलं, हे त्यानं व्यवस्थित सांगितलं. शेवटी इनामदारांनी विचारलं, या कामाची मजुरी बहिणीनं दिली होती का.

निवासनं कठड्यावर ठेवलेल्या आपल्या हातांकडे पाहिलं. "नाही," तो म्हणाला. "मी मजुरीला गेलो नव्हतो. आक्काचा फोन आला, म्हणून गेलो होतो."

बाहेरच्या व्हरांड्यात तिनं त्याला गाठलं. इतक्या महिन्यांचा राग, कंपनीवरचा, यंत्रावरचा, स्वतःवरचा, सगळा तिथं बाहेर पडला. घर बुडालं तुझं, सारिकाचं, पोरीचं. एक शब्द बोलायचा होता. एवढा एक शब्द तुझ्या तोंडून निघाला नाही.

"तू मला मजूर म्हणालीस, मी ऐकून घेतलं," निवास म्हणाला. "पण माझ्या तोंडानं मला म्हणवलं नाही." आणि तो जिना उतरून गेला.

कारणवेधच्या तज्ज्ञाची साक्ष पुढच्या तारखेला पडद्यावरून झाली. त्यानं आकडे सांगितले, आगीचं चित्र दाखवलं. ते इतकं हुबेहूब होतं की सुलक्षणाला जळक्या तेलाचा वास आल्यासारखं झालं. न्यायाधीशांनी सगळं पाहून घेतलं आणि एकच विचारलं. कॉन्टॅक्टर बसवण्याआधी प्रतिवादीनं केली त्याहून आणखी कोणती तपासणी एखाद्या जाणत्या वायरमननं केली असती? काय घडलं ते प्रणाली सांगते, काय करायला हवं होतं ते तिच्या कक्षेत येत नाही, असं तज्ज्ञ म्हणाला.

निकाल त्याच प्रश्नावर लागला. आग प्रतिवादीच्या हातून लागली हे सिद्ध झालं, पण कारण असणं आणि कसूर करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विमा कंपनी वादीच्या जागी उभी आहे, तेव्हा वादीला जेवढं सिद्ध करावं लागलं असतं तेवढंच तिलाही करावं लागेल. माणसानं वाजवी काळजी घेतली असेल, तर केवळ परिणामावरून त्याला दोषी धरता येत नाही. दावा फेटाळण्यात आला. जाता जाता निकालात एक वाक्य होतं: वादीची मोबदल्याबाबतची साक्ष विश्वासार्ह नाही.

सुलक्षणानं कोर्टाच्या आवारातूनच निवासला फोन लावला. त्यानं उचलला नाही. सारिकानं उचलला आणि कळलं म्हणाली.

महिनाभरात कंपनीनं वरच्या न्यायालयात अपील केलं. अपीलकर्ती, सुलक्षणा रेडेकर. प्लॉटवरची मनाई त्या न्यायालयानं अपिलाचा निकाल लागेपर्यंत कायम ठेवली. अपील कधी ऐकलं जाईल, असं तिनं भोसेकरबाईंना विचारलं, तेव्हा त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की सांगता येत नाही. कोर्टात खोटं बोलल्याबद्दल कंपनी पॉलिसी रद्द करू शकत होती, पण केली नाही. नूतनीकरणात फक्त एक अट वाढवली. हजेरीवर नसलेल्या किंवा लेखी करार न केलेल्या कोणत्याही व्यक्तीनं यंत्रांना हात लावायचा नाही. लावला, तर त्यानंतरच्या कुठल्याही नुकसानीला कंपनी जबाबदार नाही. विम्याशिवाय बँक खेळतं भांडवल देत नव्हती. सुलक्षणानं या वेळी प्रत्येक ओळ वाचली आणि सही केली.

कारखाना हंगामाच्या सुरुवातीला चालू झाला. बायका परत आल्या. निवास आला नाही. सणाला ती त्याच्या घरी गेली, तेव्हा तो जेवायला बसला, चार शब्द बोलला. दारातून मागच्या प्लॉटवरचा पाया दिसत होता. त्यात पावसाचं पाणी साठून आता सुकलं होतं.

एप्रिलमध्ये बी फोडायचं नवं यंत्र अडलं. मोटार गुरगुरायची, पण पाती फिरत नव्हती. आदल्या दिवशी वाफवलेल्या बियांचा ढीग बाजूला पडला होता आणि त्या फार वेळ ठेवता येत नाहीत. बेळगावचा तंत्रज्ञ परवा येईन म्हणाला. बायका हात बांधून बसल्या. सुलक्षणा बाहेर आली, आत गेली, पुन्हा बाहेर आली. निवासचं दुकान तिथून दहा मिनिटांवर होतं. शेवटी तिनं फोन केला, आणि या वेळी त्यानं स्वतः उचलला. यंत्र कसा आवाज करतंय, एवढंच त्यानं विचारलं.

तो पिशवी घेऊन आला. फाटकातच तिनं त्याला थांबवलं. अटीचं कसं सांगावं ते तिला सुचेना. "निवास, ते कंपनीचं एक..." ती म्हणाली.

"ठाऊक आहे. हजेरी लाव," तो म्हणाला.

फाटकाशी हजेरीचं यंत्र होतं. त्यानं त्यावर अंगठा ठेवला. पडद्यावर नाव आलं, खाली कामाचा प्रकार विचारला. सुलक्षणानं रोजंदारी निवडलं. मालकाशी नातं असा एक रकानाही होता. तो भरणं सक्तीचं नव्हतं. तिनं तो रिकामा ठेवला.

दुपारपर्यंत त्यानं यंत्र उघडलं, बेअरिंग बदललं, पट्टा ताणून घेतला. पाती फिरू लागली. काम करताना तो बायकांशी बोलत होता, एकदा हसलासुद्धा. नंतर दोन जुन्या तारा त्यानं न सांगता बदलल्या. सुलक्षणा दोन-तीनदा जवळून गेली. त्यानं एकदा पाना मागितला, तो तिनं दिला.

संध्याकाळी बायका रोज घ्यायला रांगेत उभ्या राहिल्या. निवास हात धुऊन आला आणि रांगेच्या शेवटी उभा राहिला. तिनं त्याला पुढे बोलावलं, तो आला नाही. त्याची पाळी आली तेव्हा त्यानं अंगठा लावला, खिशातला फोन वाजला, त्यानं काढून पाहिला.

"आलं," तो म्हणाला. मग पिशवी खांद्याला अडकवून त्यानं, रोजावरची माणसं विचारतात तसं, विचारलं, "उद्या काम आहे?"

सुलक्षणानं नाही म्हणून मान हलवली. तो फाटकाकडे निघाला. हजेरीच्या यंत्रासमोर थांबून त्यानं निघायची वेळ नोंदवली आणि बाहेर पडला.